न जन्मलेल्यांचे दात

समीक्षा मेश्राम नागपूरहून बालाघाटला परत आली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक बॅग होती आणि दगडांची पोती होती. गोंदियाला गाडी बदलताना हमालाने पहिलं पोतं उचललं आणि तसंच खाली टेकवलं.

"मॅडम, इसमें क्या है?"

"पत्थर."

त्याला वाटलं ती चिडून बोलतेय. मग त्याने पोत्याचं तोंड चाचपलं आणि पुढे काही विचारलं नाही.

घरी पोती उतरवताना तिचा भाऊ राकेश घामाघूम झाला. आई, सत्यभामाबाई, नुकतीच अंगणवाडीतून आली होती. साडीचा पदर कमरेला खोचून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बालाघाटात दगड नाई भेटत का वं? तुह्या बापानं जिंदगीभर तिरोडीच्या खाणीत दगडच फोडले. अन् तू हिमालयातून दगड घेऊन येऊन राह्यली!"

"आई, आपल्या दगडात हे नाही सापडत," समीक्षा म्हणाली. "आपले दगड लई जुने. ते बनले तेव्हा दात असलेलं काही जन्मलंच नव्हतं."

"दात?"

"हौ. या दगडांत दात आहेत."

सत्यभामाबाईंनी एक पोतं उघडून पाहिलं. आत काळपट, धारदार कडांचे चुनखडीचे तुकडे होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एक आकडा आणि एक बाण काढलेला होता. दात कुठेच दिसत नव्हते. "हात धुऊन जेवून घे," एवढंच त्या म्हणाल्या.

ते दगड स्पितीतल्या एका कड्याचे होते. समीक्षा पीएचडी करत होती. तिचे मार्गदर्शक डॉ. हेमराज रहांगडाले यांच्याबरोबर दोन उन्हाळे ती त्या कड्यावर चढली होती, आणि तळापासून माथ्यापर्यंत एकेका थराचा तुकडा तिने स्वतः फोडून काढला होता. हे थर डेव्होनियन काळातले, म्हणजे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे समुद्र होता. पण डेव्होनियन म्हणजे सहा कोटी वर्षांचा पसारा. त्यातला कोणता थर नेमका कधीचा, हे तिला शोधायचं होतं.

ते सांगणारं घड्याळ दगडातच होतं. त्या समुद्रात कोनोडॉन्ट नावाचा वाम माशासारखा एक लहानसा जीव राहत असे. त्याचं मऊ शरीर कुजून गेलं, पण तोंडातले बारीक दात तेवढे चिखलात राहिले. रव्याच्या कणाएवढे दात. पिढ्यान् पिढ्या, लाखो वर्षं, ते दात थोडे थोडे बदलत गेले. समीक्षा ज्या जातीच्या मागावर होती, तिच्या दाताच्या खालच्या अंगाला एक खळगी असते. जुन्या दातांत ती रुंद असते, पुढच्यांत अरुंद होते, आणखी पुढच्यांत टाचणीच्या टोकाएवढी उरते. आणि हे बदल जगभरच्या समुद्रांत एकाच क्रमाने झालेले. म्हणून खळगी पाहिली की थराचं वय कळतं.

फक्त दात दगडातून सोडवावे लागतात. त्यासाठी दगड सौम्य अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा; चुनखडी जाते, दात राहतात. विद्यापीठातली अ‍ॅसिडची खोली त्या वर्षी बंद पडली. वाफ ओढून नेणारा पंखा जळाला होता आणि दुरुस्ती कधी होईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. समीक्षाची मुदत मात्र थांबणार नव्हती. तशात बालाघाटच्या कॉलेजात तिला अतिथी विद्वान म्हणून भूगर्भशास्त्र शिकवायचं काम मिळालं. ती रहांगडाले सरांना म्हणाली, "मी घरीच करते सर. आमच्या मागच्या अंगणात छपरी आहे. चारी बाजूंनी हवा."

"घरी?" सर म्हणाले. "हे काय लोणचं घालायचंय?"

"तेच अ‍ॅसिड आहे सर. सिरक्यातलं, व्हिनेगरमधलं. फक्त कडक."

सरांनी मान हलवली, पण अडवलं नाही.

*

छपरीत झाकणाच्या बादल्यांची रांग लागली. समीक्षा सकाळी कॉलेजला जाण्याआधी हातमोजे, चष्मा चढवून बादल्या पाही. दगड फेसाळत, हळूहळू झिजत. अ‍ॅसिड थकलं की ते ओतून त्यात चुना टाकायचा, फेस यायचा थांबला की मग नाल्यात. उरलेला गाळ बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारत दात शोधायचा. कॉलेजला सुट्ट्या लागल्या तेव्हा विभागप्रमुखांनी तिला सूक्ष्मदर्शक घरी न्यायची परवानगी दिली.

आंबट वास साऱ्या गल्लीभर पसरला. शेजारच्या तुळसाबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय वं समीक्षा, माह्या कुरड्या सिरक्यावानी वास मारून राह्यल्या. माह्या विहिरीत तर नाई ना जात हे?"

समीक्षाने त्यांना छपरीत आणलं, चुना टाकून दाखवला, फेस दाखवला. तुळसाबाईंनी सगळं नीट पाहिलं आणि सांगितलं, "मंग ठीक आहे. पण कुरड्या मी आता गच्चीवर घालीन."

पहिला दात सापडला त्या दिवशी समीक्षाने आईला हाक मारली. दगड हिमालयात दबून भाजून निघालेले, त्यामुळे दात कोळशासारखे काळे होते. असे नमुने ठेवायच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काळ्याच असतात. त्यावर काळा दात दिसेना, म्हणून समीक्षाने पट्ट्यांवर पांढरा कागद चिकटवला होता. सत्यभामाबाई सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बराच वेळ बसल्या.

"हे त करवतीच्या पात्यावानी आहे वं," त्या म्हणाल्या. "मधात रांग, आजूबाजूले कंगोरे."

"हौ. आता मी पलटवते, खालून पाह्य."

"खड्डा दिसते."

"तोच. तो खड्डा पाहूनच सगळं कळते."

सत्यभामाबाईंना त्यातलं पुढचं फारसं कळलं नसेल, पण त्या दिवसापासून छपरीतल्या बादल्यांना त्या कोणाला हात लावू देत नसत.

आणि म्हणूनच बुद्धपौर्णिमेचा घोटाळा झाला. घरी भंतेजी येणार होते, वंदना होती, वॉर्डातली मंडळी जेवायला होती. समीक्षा दोन दिवस नागपूरला गेली होती. अंगणात तो वास ठेवून पंगत कशी बसवणार? सत्यभामाबाईंनी आणि राकेशने बादल्या उचलून तुळसाबाईंच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन ठेवल्या, आणि कार्यक्रम झाल्यावर परत आणून जागेवर लावल्या.

समीक्षा आली तेव्हा तिला सगळं जसंच्या तसं दिसलं. आईनेच सांगितलं म्हणून तिला कळलं.

"झाकणं काढली होती का?" तिने विचारलं. आकड्यांच्या चिठ्ठ्या झाकणांवर होत्या.

"राकेशनं दोन-तीनदा काढली असन. अ‍ॅसिड हिंदकळून राह्यलं होतं, त्यानं पाहून घेतलं."

"अन् परत त्याच बादलीवर तेच झाकण लावलं?"

"मंग काय दुसरं लावन का?" आई म्हणाली. "म्या उभी होती ना तिथं."

समीक्षाने मार्कर आणला आणि प्रत्येक बादलीच्या अंगावर आकडा लिहून काढला.

*

निकाल जूनमध्ये पुरे झाले. सगळ्या पट्ट्या टेबलावर थरांच्या क्रमाने मांडून तिने एकामागून एक पाहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या.

कड्याच्या तळाच्या थरात खळगी टाचणीच्या टोकाएवढी होती. मधल्या थरांत जरा मोठी. माथ्याच्या थरात रुंद, चांगली ऐसपैस. सगळ्यांत नवे दात सगळ्यांत खाली, सगळ्यांत जुने सगळ्यांत वर.

समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर साचतो. खालचा आधी, वरचा नंतर. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ती हे शिकवत असे.

तिने सरांना फोन केला. रहांगडाले सरांनी शांतपणे ऐकलं. ते बालाघाटकडचेच, रामपायलीजवळ त्यांचं गाव. नागपुरात आयुष्य गेलं तरी या पोरीशी बोलताना त्यांच्या आवाजात एक गावचा ओलावा असे. त्या दिवशी तो नव्हता.

"समीक्षा, त्या कड्याचं वय मी ठरवलंय. शिंपल्यांवरून. माझा पेपर आहे त्यावर. खालून वर, जुन्याकडून नव्याकडे."

"हो सर. मी तोच आधार धरून चालले होते."

"मग लेबलं बदललीत. घरी काम केलंस, बादल्या हलल्या असतील."

बादल्या हलल्या होत्या, हे तिने त्यांना सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

"सर, जुने दात वरच्या थरात वाहून येऊ शकतात," ती शेवटी म्हणाली. "जुना दगड झिजला, त्यातले दात सुटले, नव्या गाळात पडले. पण खालच्या थरात नवे दात? जे जनावर अजून जन्मलंच नाही त्याचे दात कसे पडतील?"

"तेच तर मी म्हणतोय. पडू शकत नाहीत. म्हणून लेबलं बदललीत. हा कडा थीसिसमधून काढून टाक. दुसऱ्या खोऱ्यातल्या नमुन्यांवर लिही. तेवढ्यावर डिग्री होते."

"मला एकदा पुन्हा करू द्या सर."

"मुदत?"

"मुदतीत करते."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. आई भाकरी थापत होती. समीक्षाने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालंच. "आई, खरं सांग. झाकणं बदलली तर नाही ना?"

सत्यभामाबाईंचा हात थांबला. "मी अंगणवाडीत एवढ्या लेकरांचे लसीचे कार्ड सांभाळतो. कधी एकाचं दुसऱ्याले लागलं नाई. तुह्या बादल्या बदलीन का मी?"

"तू नाही, राकेशनं..."

"म्या सांगतलं ना, मी उभी होती." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "पण तुले खरं वाटत नसन त पुन्हा कर. माह्या शब्दावर नको राहू."

त्यानंतर कितीतरी दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. आई रागावली नव्हती, दुखावली होती, आणि समीक्षाला ते दिसत होतं. पण दगड उलटा बोलत होता, आणि आईचा शब्द घेऊन तिला सरांपुढे उभं राहता येत नव्हतं.

*

समीक्षाने प्रत्येक थराचा अर्धा दगड राखून ठेवला होता. कोणताही नमुना पुरता विरघळवायचा नाही, हे तिला सरांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आता तिने छपरीला जाळीचं दार केलं आणि कुलूप लावलं. एका वेळी एकच दगड घ्यायचा, तो पुरा होऊन त्याचे दात पट्टीवर चढल्याशिवाय दुसरा दगड पोत्यातून बाहेर काढायचा नाही, असं तिने ठरवलं. त्यामुळे काम फार लांबलं. पावसाळा त्यातच गेला. कॉलेज सुरू झालं, सूक्ष्मदर्शक परत गेला, मग ती तास संपल्यावर विभागातच बसून गाळ निवडू लागली. बैहरहून येणाऱ्या मुलींची शेवटची बस सुटून गेलेली असे, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राही, आणि ती म्हणे, "भैया, बस थोडासा."

राकेश एकदा म्हणाला, "ताई, सर बोलले ना छोड़ दो. डिग्री त मिळूनच राह्यली आहे."

"डिग्री मिळेल," ती म्हणाली. "पण तो कडा तिथं उभाच राहील ना. उद्या कोणी दुसरा जाईल, त्याला पण हेच सापडेल. मग तो म्हणेल, मेश्राम नावाच्या बाईला सापडलं होतं, अन् तिनं लपवलं."

दिवाळीआधी शेवटची पट्टी भरली. निकाल तोच होता. तळाला नवे, माथ्याला जुने. एकही दगड फिरला नव्हता.

त्या दुपारी ती कॉलेजातून थेट अंगणवाडीत गेली. लेकरं जेवत होती. सत्यभामाबाई पळी घेऊन खिचडी वाढत होत्या. समीक्षा दारातच म्हणाली, "आई, झाकणं बरोबर होती. तुझंच खरं होतं."

आईने एका लेकराच्या ताटात खिचडी घातली, मग मान वर केली. "मंग आता सर काय म्हणतीन?"

"सरांना अजून सांगितलं नाही. ते म्हणतील, काहून? त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही."

"शोध मंग," आई म्हणाली. "अन् बस, खाऊन घे थोडं. तोंड पाह्य कसं झालं."

समीक्षा लेकरांच्या रांगेत सतरंजीवर बसली आणि खिचडी खाल्ली. कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागल्यासारखी वाटली.

*

उत्तर तिला ठाऊक होतं, फक्त ते ती तोंडाने म्हणायला धजत नव्हती. सगळा कडाच उलटा असला तर? हिमालय उभा राहताना थर दुमडले. चादरीची घडी पडावी तसे. घडीची एक बाजू कधीकधी पार पालथी होते. खालचं वर, वरचं खाली. पण त्या कड्याचे थर दिसायला सरळ, आडवे, शिस्तीचे. सरांसारखा माणूस तिथे वीस वर्षं जात होता. नुसत्या दातांच्या जोरावर त्यांना "तुमचा कडा पालथा आहे" असं म्हणणं म्हणजे जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून देणं. दुसरा साक्षीदार हवा होता.

तो वर्गात भेटला. थर सुलटा आहे की उलटा हे कसं ओळखायचं, हा धडा ती दुसऱ्या वर्षाला शिकवत होती. तिच्या वर्गात निम्म्या मुलांना मराठी येई, हिंदी सगळ्यांना, म्हणून ती हिंदीतच सांगे. "लहरों के निशान देखो. कीचड़ की दरारें देखो. और सीपी देखो. खाली सीपी में कीचड़ आधा भरता है, नीचे बैठता है. ऊपर की खाली जगह में बाद में सफेद स्फटिक जमता है. यानी कीचड़ नीचे, सफेद ऊपर..."

पहिल्या बाकावरच्या मंजूने हात वर केला. "मॅडम, सफेद नीचे मिले तो?"

"तो थर उलटा है," समीक्षा म्हणाली, आणि खडू हातात धरून तशीच थांबली. मुलांना वाटलं मॅडम पुढचं आठवतायत. तिच्या डोळ्यांपुढे पोत्यातले दगड होते. त्यांत बारीक शिंपले होते, तिने ते पाहिले होते. आणि प्रत्येक दगडावर बाण होता. कड्यावर दगड फोडायच्या आधी वरची दिशा दाखवणारा बाण काढायचा, हा सरांचा नेम. आणि ते बाण ते स्वतःच काढत, दुसऱ्याला ब्रश देत नसत.

अ‍ॅसिडमधून दोन्ही फेऱ्यांत वाचवून ठेवलेले, बाण असलेले तुकडे घेऊन ती गोंदिया रोडवरच्या राजूच्या दुकानात गेली. राजू ओट्यांसाठी ग्रॅनाइट कापून देत असे.

"ताई, इतक्याशा दगडाचं काय बनवू?" त्याने विचारलं.

"काही नको बनवू. बाणाच्या रेषेत उभा काप, अन् घासून चमकव. बाण मिटू देऊ नको."

पाण्याची धार सुरू झाली, पातं किंचाळलं. राजूने पहिला काप पुसून तिच्या हातात दिला. काळ्या, ओल्या दगडात हरभऱ्याच्या डाळीएवढा एक शिंपला आडवा कापला गेला होता. त्याच्या अर्ध्या पोटात राखाडी गाळ, अर्ध्यात पांढरंशुभ्र स्फटिक. मधली रेघ पाण्याच्या पातळीसारखी सपाट. तिने बाण पाहिला. बाणाचं टोक गाळाच्या बाजूला होतं. पांढरं खाली होतं.

"दुसरा काप," ती म्हणाली.

दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात शिंपला फुटलेला होता, काही कळेना. चौथ्यात तीन शिंपले होते, आणि तिन्ही एकाच तऱ्हेने पालथे. राजू पातं थांबवून तिच्याकडे पाहू लागला, कारण ती दुकानाच्या पायरीवर बसून एकटीच हसत होती.

*

तिने सरांना फोटो पाठवले. उत्तर त्याच दिवशी आलं. "फोटो कोणत्याही बाजूने धरता येतो."

तिने लिहिलं, "दगड नाही धरता येत सर. येऊन बघा."

मग डिसेंबरात एका सकाळी सरांचा फोन आला. ते रामपायलीला पुतण्याच्या लग्नाला आले होते. "दुपारी येतो. तासभर आहे माझ्याकडे."

सर आले, चहा नको म्हणाले, आणि छपरीतल्या टेबलाशी बसले. विभागप्रमुखांना सांगून समीक्षाने सूक्ष्मदर्शक आणून ठेवला होता. तिने काहीही समजावलं नाही. आधी पट्ट्या ठेवल्या, तळापासून माथ्यापर्यंत. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पाहायला लागले. दात पलटवायला त्यांनी तिच्या हातून कुंचला घेतला. पहिल्या फेरीच्या पट्ट्या संपल्या, तेव्हा तिने दुसऱ्या फेरीच्या पुढे केल्या.

"ही कोणती?"

"सगळं पुन्हा केलं सर. एकेक दगड, कुलपात."

सरांनी त्याही पाहिल्या. मग तिने कापलेले दगड ठेवले. बाण वर करून, एका ओळीत.

सरांनी एक उचलून बाणावरून अंगठा फिरवला. बाणाचा एक पंख नेहमी जरा लांब काढायची त्यांची खोड होती; इथेही तो तसाच होता.

"हा मी काढलेला आहे," ते म्हणाले.

"सगळेच तुम्ही काढलेत सर."

"मी उलटा काढला असेन तर?"

"एखादा. सगळे कसे?"

सत्यभामाबाई न विचारता चहा घेऊन आल्या होत्या. त्या कप ठेवून जायला निघाल्या, पण सरांचा चेहरा पाहून थांबल्या. "तब्येत ठीक आहे ना सर?"

"ठीक आहे बाई," सर म्हणाले. मग समीक्षाकडे वळून, हळू आवाजात, "मी त्या कड्याखाली पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझे सगळे केस काळे होते. थर इतके सरळ होते की पालथे असतील असं मनात यायचं कारणच नव्हतं. शिंपले दोनच मिळाले होते मला धड. उरलेलं मी क्रमावरून लावलं. खालचा तो जुना." त्यांनी दगड जागेवर ठेवला. "मी तुला कडा काढून टाक म्हणालो."

"हो सर."

"तू काढला नाहीस."

"नाही सर."

त्यांनी चहा घेतला. तासभर केव्हाच होऊन गेला होता. लग्नघरून फोन येत होते. त्यांनी फोन उचलून "तुम्ही जेवून घ्या" एवढंच सांगितलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आता त्यांचे प्रश्न बदलले होते. या मधल्या थरात खळगी एकदम का आकसली? इथे गाळ कमी साचला की थरच नाहीसा आहे? घडी असेल तर तिचा बाक कुठेतरी सापडला पाहिजे, वरच्या ओढ्याकडे? तिकडे ते दोघंही कधी गेले नव्हते. बोलता बोलता त्यांच्या आवाजात तो जुना ओलावा परत आला.

"पेपर तू लिही," निघताना ते म्हणाले. "पहिलं नाव तुझं."

"त्यात एक वाक्य लिहावं लागेल सर. की आधी ठरवलेला क्रम उलटा आहे. तुमच्या पेपरचं नाव घेऊन."

रस्त्यावर राकेश मोटारसायकल घेऊन उभा होता. सरांनी चप्पल घातली, पुन्हा काढली आणि परत आत येऊन बसले. "आत्ताच लिहू. नंतर मी ते मऊ करीन."

त्या एका वाक्याला वेळ लागला. सरांनी आधी "काहीसा फेरविचार आवश्यक" असं सुचवलं. समीक्षाने मान हलवली. मग त्यांनी "पूर्वीच्या निष्कर्षात सुधारणा" म्हटलं. ती म्हणाली, "सर, सुधारणा नाही. उलट आहे." शेवटी जे उतरलं ते सरळ होतं: कड्याचे थर पालथे आहेत, रहांगडाले यांनी दिलेला क्रम चुकीचा आहे, तळाचा थर सर्वांत नवा आहे. सरांनी ते मोठ्याने वाचलं, स्वतःच्या नावाशी क्षणभर अडखळले, आणि म्हणाले, "असू दे."

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं वरच्या ओढ्याने गेली. वाट वाईट होती, सरांचा गुडघा दुखत होता, दोनदा तर परत फिरायची वेळ आली. तिसऱ्या खेपेला ओढ्याच्या पलीकडच्या भिंतीत काळे थर केसाच्या पिनेसारखे वळून स्वतःवरच परत आलेले दिसले. समीक्षा पुढे होती. ती हाक मारून सांगणार होती, पण सर मागून येऊन तिच्या शेजारी उभे राहिले होते आणि तिकडेच पाहत होते. दोघांनी सॅक खाली ठेवल्या. समीक्षाने हातोडा काढला आणि त्यांनी रंगाचा डबा उघडून ब्रश तिच्या हातात दिला.